पाणी न देणाऱ्या मॅडम

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक मी कोणाला सांगितली, तर ऐकणारा आधी हसतो. मी मे महिन्यात, नागपुरात, सुकत चाललेल्या गवताला पाणी दिलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. म्हणाली, "मग? पुण्यच केलं ना." कोणाच्या विहिरीत विष कालवलं असतं, तर समजावून सांगायला एवढे कष्ट पडले नसते.

पाणी दोन संध्याकाळी दिलं. नंतर मला विचारलं गेलं, तेव्हा "नाही" म्हणालो. ज्यांना नाही म्हणालो त्या वैरागडे मॅडमविषयी मला लिहायचं आहे. स्वतःला यातून वगळता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांच्या अनेक वर्षांच्या कामात माझं ते पाणी मुरलेलं आहे आणि ते आता वेगळं काढता येत नाही.

कुमुद वैरागडे मॅडम आमच्या संशोधन केंद्रात पैदासकार होत्या, म्हणजे पिकांचे नवे वाण तयार करणं हे त्यांचं काम. नोकरी ज्वारीची. हलक्या जमिनीत, पावसानं पाठ फिरवली तरी कणीस धरील अशी ज्वारी त्यांनी तयार केली आणि ती चांगली चालली. पण त्यांचा जीव अडकला होता हरळीत. शेतकरी जन्मभर जी उपटतो, उपटून बांधावर फेकतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा उपटतो, ती हरळी मॅडम बांधावरून उचलून पिशवीत घालत. मी त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून नवीन होतो तेव्हा एकदा विचारलं, "मॅडम, एवढ्या पिकांत हीच काहून?"

"अरे, जिले उपटून उपटून माणूस थकला, तिच्यात काही तरी असंल ना बापा," त्या म्हणाल्या.

त्यांना असं गवत हवं होतं, जे होळीनंतर विसरून जावं आणि पावसाळ्यात परत भेटावं. बांध धरून ठेवील, गुरांच्या तोंडी लागेल, शाळेच्या मैदानावर पोरांचे गुडघे वाचवील आणि बंगल्यापुढच्या लॉनवर टँकर मागणार नाही.

दुष्काळ सोसणारं झाड तयार करायची रीत ऐकायला सोपी आणि बघायला वाईट आहे. ठिकठिकाणची रोपं आणायची, वाफ्यांत लावायची, खतपाणी देऊन लेकरांसारखी वाढवायची आणि ऐन उन्हाळ्यात पाणी तोडायचं. मग नुसतं बघत बसायचं. रोज वही घेऊन जायचं, कोण पिवळं पडलं, कोण वाळलं, कोण मेलं ते लिहायचं. उरतील त्यांचा एकमेकांशी संकर करायचा आणि त्यांच्या पिल्लांचंही पाणी तोडायचं. या कामाला दयाळू माणूस चालत नाही. मॅडम वाफ्याच्या कडेला छत्री घेऊन उभ्या राहत आणि म्हणत, "मरू दे. मरायचं ते इथं, माझ्या डोळ्यासमोर मरू दे. लोकाच्या दारात जाऊन मरू नये."

मजूर बायका त्यांना पाठीमागे तहानवाली बाई म्हणत. मॅडमना ते ठाऊक होतं. एकदा मस्टरवर सह्या घेताना त्यांनीच विचारलं, "काहून वं, आज तहानवाली बाई किती वाजता आली, कोणी लिहिलं काय?" बायांनी पदर तोंडाला लावले.

गंमत अशी की माणसांच्या बाबतीत त्या नेमक्या उलट. त्यांच्या खोलीच्या दारातच माठ असे, वाळ्याची जुडी टाकलेला. कोणीही येवो, साहेब असो की कुरिअरवाला, त्याला आधी पेला भरून मिळे. "पहिले पाणी पी, मग बोल." पेला रिकामा झाल्याशिवाय त्या कामाचं ऐकतच नसत. बाहेर चाळीस पावलांवर गवत पाण्यावाचून तडफडत असायचं आणि आत आम्ही दुसरा पेला नको नको म्हणत असायचो.

त्यांच्या पर्समध्ये उन्हाळाभर एक कांदा असे. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून आपल्याकडे जुनी माणसं खिशात ठेवतात, तसा. मी त्या वेळी विज्ञानाच्या बाबतीत फार कडक होतो. म्हटलं, "मॅडम, याला काही आधार आहे का?"

"नाही."

"मग ठेवता कशाला?"

"आईनं दिला. तू माझ्या आईले जाऊन सांग आधार नाही म्हणून. खाप्याची बस सुटते दर अर्ध्या तासानं."

त्यांचं माहेर खाप्याचं, कन्हानच्या काठचं. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची आमची हिंमत नव्हती, पण केंद्रात एक समजूत होती की त्यांनी एखाद्या स्थळाचंही पाणी तोडून पाहिलं असेल आणि ते टिकलं नसेल.

लग्नावरून आठवलं. आमच्याकडे लग्नं लॉनवर होतात. लॉन म्हणजे शहराबाहेर भिंत घातलेलं मोठं आवार, त्यात हिरवळ असते किंवा असते असं मानायचं. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. अक्षता पडल्या, लोक जेवणाकडे पळाले, आणि मॅडम दिसेनात. शोधत गेलो तर स्टेजच्या मागे जरीची साडी सावरत गुडघ्यावर बसलेल्या. त्यांनी जमिनीवर अंथरलेला हिरवा गालिचा कोपऱ्यातून उचलून धरला होता आणि खालून एक काडी ओढत होत्या.

"पाहा," मला म्हणाल्या, "हिरव्या गालिच्याखाली खरं गवत आहे. सहा महिने ऊन नाही, वारा नाही, वरून वराती नाचून राहिल्या. तरी जित्तं आहे." काडी ओल्या रुमालात गुंडाळून त्यांनी पर्समध्ये ठेवली, कांद्याशेजारी. तेवढ्यात लॉनचे मालक आले. चोरी पकडल्यासारखे बघत होते. ओळख झाल्यावर खूश झाले. "मॅडम, असं गवत द्या की मे महिन्यात टँकर नाही लागला पाहिजे. पण हिरवं पाहिजे."

"हिरवं पाहिजे का जिवंत पाहिजे?"

मालक विचारात पडले. "फोटोत हिरवं आलं पाहिजे," असं त्यांनी शेवटी ठरवलं.

मॅडम घरी निघेपर्यंत हे वाक्य म्हणून हसत होत्या. पुढे कधीही साहेबांची चिठ्ठी आली, की त्या मला विचारत, "काय म्हणते रे? फोटोत हिरवं पाहिजे काय?"

मनीषनगरमध्ये त्यांचं छोटं घर होतं, पुढे अंगण. साऱ्या गल्लीत लोकांनी कुंड्या, कारंजी, गुलाब लावलेले, आणि मॅडमचं अंगण पिवळं. त्यांनी तिथंही घरगुती प्रयोग मांडला होता. शेजारच्या जोशीकाकूंना ते बघवेना. मॅडम दौऱ्यावर गेल्या, तशी काकूंनी भिंतीवरून पाइप टाकून आठ दिवस अंगण न्हाऊ घातलं. मॅडम परतल्या त्याच पावली काकू फाटकात येऊन म्हणाल्या, "कुमुदताई, तुमचं गवत मी वाचवलं हं."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मजूर लावून अख्खं अंगण खणून काढलं. सगळं गवत कचऱ्यात. मी तिथंच होतो. काकू भिंतीपलीकडे रडवेल्या उभ्या होत्या. मला वाटलं आता या बाईंची काही धडगत नाही. मॅडमनी हात धुतले, भिंतीशी गेल्या आणि म्हणाल्या, "काकू, चहा टाका. मी येतेच." परत येताना मला म्हणाल्या, "त्यांनी लगेच सांगितलं म्हणून बरं झालं. सांगितलं नसतं, तर मी वर्षभर खोटं मोजत बसली असती."

हे वाक्य मी ऐकलं होतं. मला ऐकू आलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आता माझ्याकडे यावं लागेल.

रेल्वे रुळांच्या कडेची, कबरस्तानातली, कोर्टाच्या आवारातली, त्या लग्नाच्या गालिच्याखालची, अशी शेकडो ठिकाणची हरळी गोळा करून, मारून, उरलेली वाढवून, मॅडम आठ नंबरांपर्यंत पोचल्या होत्या. त्यांना नावं नव्हती, सुरुवातीला शेकड्यांत पडलेले नंबरच होते. शेवटची परीक्षा अशी की एका रस्त्यापासून आत जाणारे जमिनीचे तीन लांब पट्टे करायचे, प्रत्येक पट्ट्यात आठ वाफे, आठही नंबर एकेकदा. कोणता नंबर कुठे, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, म्हणजे कोणाला सावलीचा, उताराचा फायदा मिळून निकाल बिघडू नये. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून मॅडम डोळे मिटून काढत होत्या, मी लिहीत होतो. तेवीस नंबर पहिल्या पट्ट्यात अगदी रस्त्याच्या कडेला आला. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही.

"मॅडम, पुन्हा काढू," मी म्हटलं.

"चिठ्ठी ती चिठ्ठी. आपल्याले आवडली नाही म्हणून बदलायची काय? याले रस्ता पाहायची हौस आहे, पाहू दे."

होळीला पाणी तोडलं. मेच्या मध्याला बहुतेक वाफे तपकिरी झाले होते. तेवीसही झाला होता. नऊ नंबर तेवढा राखाडी हिरवा, जमिनीला चिकटून तग धरून होता. तेव्हाच खाप्याहून निरोप आला, आई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मॅडमनी वही माझ्या हातात दिली. "रोज लिहायचं. काहीही झालं तरी पाणी नाही. आग लागली तर मातीनं विझव."

तिसऱ्या दिवशी केंद्राचे प्रमुख, आमचे मोठे साहेब, रस्त्यावरून जाताना थांबले. "हे काय स्मशान करून ठेवलं? उद्या बाहेरचे पाहुणे येणार आहेत."

"साहेब, प्रयोग सुरू आहे."

"मग करा ना प्रयोग. रस्त्याच्या कडेनं तरी थोडं हिरवं दिसू द्या. वैरागडे मॅडम कुठे आहेत?"

"खाप्याला."

"मग?" साहेब म्हणाले आणि निघून गेले.

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. त्यांच्या त्या "मग?"मध्ये मला तो कागद स्पष्ट दिसला.

मी रामदासला पाइप आणायला सांगितलं. रामदास आमचा जुना माळी. त्यानं दोन्ही हात मागे बांधले. "मले नका सांगू, साहेब. मॅडम म्हणल्या, पाइप हातात दिसला तर हात ठेवणार नाही. मले हात लागतात." मग पाइप मीच ओढला. रस्त्याच्या कडेचे तीन वाफे, चिखल होईपर्यंत भिजवले. पाहुण्यांचं येणं एका दिवसानं पुढे गेलं, म्हणून दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा भिजवले. रामदास लांब बांधावर उकिडवा बसून होता, पाठ करून.

पाहुणे त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी आले. काळ्या काचांची गाडी रस्त्यावरून हळू गेली. काच खाली झाली नाही. आतून साहेबांनी हात हलवल्यासारखं वाटलं, तो मला होता की ड्रायव्हरला, हे अजून कळलेलं नाही.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला त्या गवताची दया आली होती. दया आली असती, तर मी आतल्या वाफ्यांनाही पाणी दिलं असतं.

मॅडम त्यानंतर आठवड्यानं आल्या. बसमधून उतरून, हातात पिशवी, तशाच शेतावर. तेवीसचे तिन्ही वाफे हिरवे झाले होते, माती एव्हाना वाळून भेगाळली होती. त्या पहिल्यापाशी थांबल्या, मग दुसऱ्यापाशी, मग तिसऱ्यापाशी. चपला काढून अनवाणी उभ्या राहिल्या. गवत त्या नेहमी तळव्यानं तपासत.

"अनिल, इथं पाणी पडलं काय?"

"नाही, मॅडम."

"पाइप फुटला? टँकर गळला?"

"नाही."

त्यांनी रामदासला विचारलं नाही. मला विचारल्यावर दुसऱ्याला विचारायची त्यांची पद्धत नव्हती. तोंडावर बांधलेला दुपट्टा सोडला, डोळे, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "लू लागली वाटते." मग त्या तिसऱ्या वाफ्यावर मांडी घालून बसल्या आणि तेवीसला हातानं थोपटू लागल्या. मी वही धरून उभा होतो. पाणी दिल्याच्या दोन्ही तारखांपुढे मी 'निरंक' लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.

एरवी मॅडमनी असा वाण आणखी दोन उन्हाळे परीक्षेला बसवला असता. पण निवृत्ती तोंडावर आली होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना घाई करताना पाहिलं. तेवीस नंबर पास झाला. बाकीचे सात, तेवीसपुढे फिका दिसणारा नऊसुद्धा, नापास. नापास झालेल्यांना फेकायचा त्यांना धीर होईना. रंगाच्या रिकाम्या डब्यांत घालून त्यांनी ते मनीषनगरला नेले आणि अंगणात लावून प्रत्येकाशी चुन्यानं नंबर लिहिलेली एक वीट पुरली.

तेवीस गेला सक्करदऱ्याच्या एका शाळेच्या मैदानावर, आणि त्या फोटोवाल्या लॉनमध्ये. पावसाळ्यात छान पसरला. पुढच्या मे महिन्यात शाळेतून फोन आला. आम्ही दोघं गेलो. मैदानावर फक्त धूळ होती. मॅडम उन्हात बसून खुरप्यानं उकरत राहिल्या, ठिकठिकाणी, तासभर. मुळांचा एक झुबका तळहातावर घेऊन म्हणाल्या, "पाहा. वीतभरही खाली गेलं नाही मूळ. असं पोचट झाड आपल्या शेतात उभं राहिलं कसं रे?"

त्या मला विचारत नव्हत्या, मुळाला विचारत होत्या. पण उत्तर माझ्याजवळ होतं. मी म्हटलं, "माती वेगळी असेल, मॅडम."

लॉनच्या मालकांनी फार मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्याकडे गालिचा होताच.

त्या वर्षीच्या आढावा बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं, हे झालं कसं? नोंदींमध्ये काही घोटाळा? मॅडम उठल्या. अंगावर इस्त्रीची साडी, हातात काही कागद नाही. "नोंदी चोख आहेत. अनिलनं ठेवल्या आहेत. डोळा माझा चुकला. मले जे पाहायचं होतं ते मी पाहिलं. लोकाच्या दारात जाऊन मेलं. चूक माझी."

मी तिसऱ्या रांगेत होतो. खिशात कायम झाल्याचा कागद नव्हता, तो घरी कपाटात नीट ठेवला होता. साहेबांनी हरळीचं काम बंद करण्याची सूचना मांडली आणि सगळ्यांनी मान हलवली. मीही.

मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांना गुलाबाचं रोप भेट दिलं गेलं, ज्याला रोज पाणी लागतं. त्यांनी ते हसून घेतलं. माठ मात्र बरोबर नेला नाही, तो खोलीत ठेवला. काही वर्षांनी त्या खोलीत मी बसू लागलो. दर पावसाळ्यात नवीन मंडळी येतात, त्यांना मी पहिलं व्याख्यान देतो, नोंदवहीच्या पावित्र्यावर. ते फार चांगलं होतं, असं सगळे म्हणतात.

सणासुदीला मी मनीषनगरला जात असे. फाटकाच्या आत, भिंतीला लागून स्कूटर लावायची, घरात जायचं, पाण्याचा पेला, मग चहा. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो आणि पेला रिकामा होईपर्यंत धीर संपायचा. हरळीचा विषय त्या काढत नसत. एकदाच म्हणाल्या, "डोळ्यावर भरवसा गेला की पैदासकार संपला. ज्वारी पण मी नीटच पाहिली होती काय, कोण जाणे." चांगली चाललेली, हजारो घरांत भाकरी झालेली ज्वारी! ती सुद्धा त्या आता संशयानं बघत होत्या.

गेल्या मे महिन्यात त्यांचा फोन आला. "अनिल, कपाट रिकामं करून राहिली मी. शेताच्या वह्या आहेत. पाहिजेत त्या केंद्रात घेऊन जा, बाकी रद्दीत देते."

सकाळी दहालाच ऊन पेटलं होतं. स्कूटर नेहमीच्या जागी लावून आत गेलो. मॅडम पाटावर बसल्या होत्या, सगळे केस पांढरे, कूलरच्या वाऱ्यात उडत असलेले. त्यांच्याभोवती वह्यांचे ढीग होते. "पहिले पाणी पी." मी प्यायलो. त्यांनी वह्यांचा एक गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि एक वेगळी काढलेली वही रद्दीच्या ढिगावर टाकली. पुठ्ठ्यावर माझं अक्षर होतं.

"ही नको नेऊ," त्या म्हणाल्या. "हे माझं आंधळेपणाचं वर्ष. कोणी वाचून अजून फसायचा."

किती सोपं होतं! वही रद्दीत जाणार होती. रामदास वारला होता. मोठे साहेब मुलाकडे परदेशी होते. जगात माझं 'नाही' खोटं पाडणारं कोणी उरलं नव्हतं. मी गठ्ठा उचलला, दारापर्यंत गेलो, परत आलो आणि गठ्ठा खाली ठेवला.

"मॅडम, ती वही मी खोटी केली आहे. तेवीसला मी पाणी दिलं होतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात लांब करून रद्दीवरची वही उचलली, चष्मा लावला, पानं उलटली.

"कोणत्या दिवशी?"

मी सांगितलं.

"एकच दिवस?"

"दोन. लागोपाठ."

"तिन्ही वाफे? बाजूच्याले गेलं काय पाणी?"

"नाही. कडेचेच तीन."

"किती वेळ?"

"मॅडम, मी इतकी वर्षं..."

"किती वेळ पाइप सोडला ते सांग!" त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच. "तुझी वर्षं नंतर पाहू."

"एकेका वाफ्याला अर्धा अर्धा तास."

त्यांनी पेन्सिल माझ्या पुढे केली. "लिही. तुझ्याच हातानं लिही. निरंक खोड. तारीख, वाफा, वेळ. आणि पुढे कारण."

मी लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं, गवताची दया आली. त्यांनी वही ओढून वाचलं आणि परत सरकवली.

"खरं लिही."

मी ते खोडलं. लिहिलं, साहेब खूश व्हावेत म्हणून. त्यांनी तेही वाचलं आणि मान हलवली, एखादी नोंद जुळली की हलवत तशी. मी म्हणालो, "मॅडम, मला माफ करा."

"या वहीत माफीचा रकाना नाही आहे," त्या म्हणाल्या.

त्यांचं बोट आता पानावरून खाली सरकत होतं. तेवीसची ओळ त्यांनी पेन्सिलीनं आडवी कापली. मग एका ओळीवर बोट थांबलं. पुढच्या तारखेचं पान उघडलं, त्याच ओळीवर थांबलं. त्याच्या पुढचं.

"नऊ," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मग तर नऊ. शेवटपर्यंत नऊ."

भिंतीला धरून त्या उठल्या. दुपट्टा डोक्यावर घेतला आणि अनवाणीच बाहेर पडल्या. खिडकीतून मला अंगण दिसत होतं. सगळं पिवळं, उघडं पडलेलं. मॅडम वाकून एकेका विटेवरची धूळ पदरानं पुसत, नंबर वाचत फाटकाकडे चालल्या होत्या, तापलेल्या जमिनीवर, चटके बसत नसल्यासारख्या. फाटकाशी थांबल्या. खाली बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत. मग त्यांचा आवाज आला, शेतावर मजुरांना हाक मारायच्या तेव्हाचा.

"अनिल! गाडी काढ तुझी! इतकी वर्षं नवावर उभी करून राहिला तू! तरी जित्तं आहे हे!"

मी स्कूटरची चावी घेतली. वही अजून पाटापाशी उघडी होती. माफीचा रकाना नव्हता हे खरं, पण शेवटी, अगदी कडेला, शेऱ्याचा होता आणि तो कोरा होता. बाहेरून दुसरी हाक आली. मी खाली बसलो आणि त्यात लिहिलं:

पाणी मी दिले. विचारल्यावर नाही म्हणालो. मॅडमचा डोळा चुकला नव्हता. माफी मागतो. अनिल.